अस्तर

आई ब्लाउज शिवायची तेव्हा कापड बेतण्याच्या आदल्या दिवशी एक काम ठरलेलं असायचं. अस्तराचं कापड बादलीत बुडवायचं, रात्रभर राहू द्यायचं, सकाळी न पिळता दोरीवर टाकायचं आणि वाळलं की कडक इस्त्री फिरवायची. "अस्तर पाण्यातून काढल्याशिवाय कात्री हातात घ्यायची नाही," हे तिचं वाक्य गुहागरच्या आमच्या पडवीत इतक्यांदा उमटलंय की अजूनही कुठे शिलाई मशीन दिसलं की मला ते ऐकू येतं. पाण्यातून न काढलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं. मग वरचं कापड कितीही भारी असो, त्याला चुण्या पडतात, आणि बघणाऱ्याला वाटतं शिवण वाईट.

आज मे महिन्यातला दुसरा शनिवार. फिलाडेल्फियातल्या माझ्या घरामागच्या वीतभर अंगणात कपड्यांच्या टबात दोन अस्तरं भिजताहेत. काथ्याची. एक माझ्या खिडकीखालच्या फुलझाडांच्या पेटीचं, एक पलीकडच्या घराचं. पलीकडच्या घराची गोष्ट पुढे येईल.

दक्षिण फिलाडेल्फियातली आमची गल्ली म्हणजे भिंतीला भिंत लागलेल्या दोन मजली विटांच्या घरांची रांग. रस्ता एवढा अरुंद की एक गाडी उभी केली की दुसरी जेमतेम जाते. घराच्या दारात संगमरवराच्या तीन पायऱ्या आणि त्या उतरलं की थेट पदपथ. पुढे अंगण नाही, ओटी नाही, तुळस ठेवायला कोपरा नाही. विल्यम पेन यांनी हे शहर वसवायचं ठरवलं तेव्हा, १६८१ मध्ये, आपल्या माणसांना सूचना दिली होती की प्रत्येक घर आपापल्या जागेच्या मधोमध बांधावं, दोन्ही बाजूंना बाग-बगिच्यासाठी जमीन सुटावी, म्हणजे हे हिरवं गाव होईल आणि कधी जळून जाणार नाही. १६६६ ची लंडनची आग त्यांच्या पिढीनं पाहिली होती. प्रत्यक्षात झालं उलटं. लोकांनी मोठे भूखंड चिरत नेले, मधून बोळ काढले आणि बोळांत घरं खेटून उभी राहिली. एल्फ्रेथ्स अ‍ॅली नावाचा तसा एक बोळ आजही नांदता आहे. अठराव्या शतकापासून तिथे माणसं सलग राहत आली आहेत. तिथून उन्हाळ्यात चालत गेलं की पेन यांना हवी असलेली बाग सापडते, फक्त ती जमिनीवर नसते. खिडक्यांच्या खाली टांगलेली असते.

मी इथे राहायला आले त्या वर्षी माझ्या खिडकीखाली काहीच नव्हतं. मला ते खटकतही नव्हतं. नोकरी, लोकल गाडीच्या वेळा, घराचे हप्ते. जूनमध्ये एका संध्याकाळी पलीकडच्या आजी पायरीवर बसल्या होत्या, त्यांनी मला थांबवलं. ऐंशीच्या घरातल्या, याच गल्लीत जन्मलेल्या, आवाज खणखणीत. त्यांनी हातानं सगळी रांग दाखवली. कोपऱ्यापासून सुरू होणारी लाल-जांभळी-पोपटी रेघ, प्रत्येक खिडकीखाली, आणि माझ्या घरापाशी कोरी वीट. "बाळ, तुझ्याकडे आलं की ओळ तुटते," एवढंच म्हणाल्या.

मला ते लागलं, आणि चांगल्या अर्थानं लागलं. आमच्याकडे गणपतीच्या दिवसांत एखाद्या दारात रांगोळी नसली की जाणारा-येणारा विचारतो, बरं आहे ना घरात? आजींचा प्रश्न त्याच जातीचा होता.

पुढे त्यांच्याकडूनच कळलं की या शहरात ही ओळ जुळवण्याला इतिहास आहे. लुईस बुश-ब्राउन नावाच्या बाई इथल्या स्त्रियांच्या उद्यानविद्या शाळेच्या अनेक वर्षं प्रमुख होत्या. त्यांनी १९५३ मध्ये नेबरहुड गार्डन असोसिएशन सुरू केली. उपनगरातल्या सधन बागकाम मंडळांना त्यांनी शहरातल्या गरीब वस्त्यांशी जोडून दिलं आणि काम निवडलं ते खिडकीतल्या पेट्यांचं. त्यातली मला फार आवडणारी गोष्ट अशी की त्यांनी एकट्यादुकट्या घराचा विचार केला नाही. गल्लीचा अख्खा तुकडा एकत्र यायचा आणि सगळ्या खिडक्या एकाच हंगामात फुलायच्या. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, मातीचा तुकडाही नावावर नसलेल्या माणसांना तीन फुटांची पेटी ही पहिली बाग मिळाली.

घरं विकणारे दलाल याच फुलांना "कर्ब अपील" म्हणतात. रस्त्यावरून पाहताक्षणी घर मनात भरलं पाहिजे, हा त्याचा अर्थ. दोन वर्षांपूर्वी आमच्या रांगेतलं एक घर विकायला निघालं तेव्हा एका सकाळी टेम्पो आला, तयार झाडं कुंड्यांसकट पेटीत कोंबली, वरून शेवाळ पसरलं. दुपारपर्यंत खिडकी लग्नघरासारखी. घर विकलं गेलं, झाडं त्याच टेम्पोतून परत गेली. मला त्या दिवशी वाईट वाटलं आणि अजून वाटतं. खिडकीतल्या पेटीचं तोंड रस्त्याकडे असतं. घरात बसून पाहिलं तर पानांची पाठ दिसते, देठ दिसतात, एखादं फूल चुकून आत वळलेलं. लावणाऱ्याच्या वाट्याला फुलांची मागची बाजू येते आणि पुढची बाजू जाते टपाल वाटणाऱ्या बाईंना, शाळेत जाणाऱ्या मुलांना, काठी टेकत कोपऱ्यावरच्या दुकानात निघालेल्या आजोबांना. हे ज्याला मान्य आहे त्यानं पेटी लावावी. फक्त सौदा होईपर्यंत लावलेली फुलं मला उसनी वाटतात.

पण भावना असून झाडं जगत नाहीत. पहिल्या वर्षी मी सगळी मारली.

लोखंडी पट्ट्यांची, जाळीसारखी पेटी आणली. वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाल्लेल्या जुन्या विटा इथे मऊ असतात, म्हणून ती टांगायचे खिळे विटेत न ठोकता दोन विटांमधल्या चुन्यात ठोकले. उद्या खिळा काढावा लागला तर चुना पुन्हा भरता येतो, फुटलेली वीट सांधत नाही. इथपर्यंत बरोबर होतं. मग पेटीत काथ्याचं तयार अस्तर बसवलं, कोरडंच. त्यात माती, मातीत पिटुनिया आणि जिरेनियम. जूनभर शोभा. जुलैत पारा पस्तीस अंशांवर गेला, पश्चिमेचं ऊन दुपारी एकपासून खिडकीवर यायला लागलं आणि मी सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळी मी घरी येईपर्यंत कुठे गेलं ते कळेना. काथ्या कोरडाच बसवल्यामुळे नंतर आखडून कडेपासून सुटला होता आणि त्या फटीतून पाणी मातीला न शिवता खाली पदपथावर गळत होतं. जे मातीत मुरत होतं ते जाळीतून वाहणारा गरम वारा बाजूंनी ओढून नेत होता. ऑगस्टमध्ये पेटीत काड्या उरल्या. आजींनी काही बोलून दाखवलं नाही, पण रोज सकाळी त्या माझ्या खिडकीकडे बघून मान वळवायच्या.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला ती उघडी पेटी दाखवली. तिनं चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला.

"अगं, हा तर सोडणांचा काथ्या!"

"हो. विकत मिळतो इथे. श्रीलंकेहून येतो."

"विकत?" ती क्षणभर गप्प झाली. मग तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा, "बसवण्याआधी भिजवलास?"

गुहागरात आमचं घर रस्त्यालगत आणि घरामागे वाडी, माड आणि पोफळी, ती थेट मागच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत. बेडं ओलांडलं की पुळण आणि समुद्र. नारळ सोलून उरलेली सोडणं आम्ही कधी टाकून दिली नाहीत. काही न्हाणीघरातल्या चुलीत जायची, त्यांची धग मंद आणि लांब चालते. एखाद्या तुकड्यानं भांडी घासली जायची. उरलेली मात्र माडाच्या आळ्यात. बाबा ती नुसती फेकायचे नाहीत. पालथं घातलेलं सोडण दिसलं की थांबून उताणं करायचे, खोलगट बाजू आभाळाकडे, वाटीसारखी. पावसाळ्यात त्या वाट्या पाणी पितात आणि शिंपणं लांबलं तरी आळं आतून ओलं राहतं. आठ-नऊ वर्षांची होते तेव्हा चैत्रात मी एकदा आळ्यातलं सोडण उचलून पिळलं होतं, वर सगळं भाजून निघालेलं आणि सोडणातून मात्र थेंब पडला होता. हे सगळं मला ठाऊक होतं. फक्त ते आळ्यातलं होतं आणि हे दुकानातल्या प्लास्टिकच्या वेष्टनातलं, म्हणून दोन्ही एकच आहेत हे डोक्यात शिरलं नव्हतं.

काथ्या कुजायला वेळ घेतो कारण त्यात लाकडाला कडक करणारं लिग्निन भरपूर असतं. हिरव्या नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवून, मग ठेचून पांढरा काथ्या निघतो. तो सुंभाचा, पायपुसण्यांचा. पिकल्या नारळाचा तपकिरी काथ्या जाड आणि राठ, तो यंत्रानं सोलतात. खिडकीतल्या पेटीचं अस्तर याच तपकिरी काथ्याचं असतं. धागे पसरून, त्यांवर रबराचा चीक फवारून, दाबून साच्यात घातलेले. चिकामुळे आकार टिकतो, पण कोरडेपणी ते पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. रात्रभर पाण्यात ठेवलं की मात्र शहाण्यासारखं वळतं.

दुसऱ्या वर्षापासून मी हे काम सावकाश करते. अस्तर भिजून जड झालं की निथळू देते, पेटीत ठेवून तळव्यानं कोपऱ्याकोपऱ्यात दाबत जाते. लोखंडी पट्ट्यांच्या मधून ते किंचित बाहेर फुगलं पाहिजे, मग सुटत नाही. काठ पेटीच्या वर बोटभर ठेवते, कारण माती भरली की तो खाली बसतो. मग अस्तराला अस्तर. मातीची रिकामी पोती मी जपून ठेवते. बाहेरून रंगीत आणि आतून काळी असलेलं ते प्लास्टिक कापून, काळी बाजू बाहेर करून काथ्याच्या आतून लावते. वारा अडतो. प्लास्टिकचा काठ काथ्याच्या काठाहून दोन बोटं खाली, म्हणजे रस्त्यावरून दिसत नाही. तळाला दाभणानं दहा-बारा भोकं, आणि बाजूंना, तळापासून इंचभर वर, आणखी पाच-सहा. तळात थोडं पाणी थांबावं, पण मुळं बुडू नयेत.

आपल्याकडे कुंडीच्या तळाला खडे किंवा विटांचे तुकडे घालायची पद्धत आहे. भोकावर एक खापरी ठेवणं ठीक, माती वाहून जात नाही. पण खड्यांच्या थरानं निचरा चांगला होतो हा समज मी सोडून दिला. बारीक मातीतलं पाणी मोठ्या फटींच्या थरात सहजी उतरत नाही, माती पूर्ण भिजून चिंब होईपर्यंत ते वरच लटकून राहतं. म्हणजे खड्यांमुळे ओल खाली जाण्याऐवजी मुळांच्या जवळ सरकते आणि पेटीची खोलीही तेवढी वाया जाते. मी तिथे गेल्या वर्षीच्या फाटक्या अस्तराचे तुकडे मातीत कालवते. बाबांची सोडणं.

माती म्हणजे तरी काय, अंगणातली माती इथे चालत नाही. तीन फूट लांब, आठ इंच रुंद, आठ इंच खोल पेटीत ती भरली तर वजनानं खिळे उपटतील, शिवाय दोन पावसांत घट्ट वीट होते. इथलं तयार मिश्रण हलकं असतं, दलदलीतलं पीट म्हणजे अर्धवट कुजलेलं शेवाळ, आणि पर्लाइटचे पांढरे दाणे. तरीही पाणी प्यायल्यावर पेटी पंचवीस-तीस किलोंची होते, म्हणून खिळ्यांत काटकसर करू नये. पीट खणून काढताना हजारो वर्षांच्या दलदली उद्ध्वस्त होतात, हे मला टोचत राहतं. हळूहळू मी निम्मं मिश्रण कोकोपीटचं करत आणलंय, तेही सोडणाचाच भुसा. कोकोपीटची वीट मात्र दोनदा गोड्या पाण्यानं धुऊन घ्यावी, त्यात खार असतो.

झाडांची निवड करायला गेले की मला गंमत आणि जिव्हाळा एकदमच वाटतो. इथल्या रोपवाटिकेत मानानं मांडलेली निम्मी झाडं माझ्या ओळखीची. व्हिंका म्हणून विकतात ती आपली सदाफुली, मूळची मादागास्करची. कडेनं खाली सोडायला पोपटी पानांचा वेल असतो तो रताळ्याचा. आणि लँटाना, सहा डॉलरला एक रोप, म्हणजे घाणेरी. मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "घाणेरी? गडग्यावरची? ती उपटायला गडी लावतो आपण!" खरंच आहे, शोभेसाठी भारतात आणलेल्या या अमेरिकी झुडपानं आपली रानं गिळली. इथे मात्र पहिल्या कडाक्याच्या थंडीत ती मरते, म्हणून निर्धास्तपणे लावता येते, आणि पश्चिमेच्या उन्हात तिच्याइतकं तगणारं दुसरं काही मला सापडलं नाही. फुलपाखरं येतात ती तिच्यावर. मधे उंच काहीतरी, भोवती दाट काहीतरी, काठावरून लोंबणारं काहीतरी, एवढा एक आडाखा धरते. रंग दोनच घेते. गल्ली अरुंद आहे, माणूस चालत चार सेकंदांत खिडकी ओलांडतो. सात रंग त्याच्या वाट्याला येतच नाहीत.

लावायची घाई करायची नाही. एप्रिलअखेरपर्यंत एखादी रात्र गोठवून जाते, म्हणून इथले जुने लोक मातृदिनाची, म्हणजे मेच्या दुसऱ्या रविवारची, वाट बघतात. त्याआधीचा आठवडा रोपं दिवसा बाहेर, रात्री घरात.

पाणी पहाटे घालते, पदपथावर वर्दळ सुरू होण्याआधी, नाहीतर कोणाच्या तरी डोक्यावर गळतं. जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी पुन्हा. इतक्या पाण्यानं खत धुऊन जातं, म्हणून आठवड्यातून एकदा पातळ खत. आणि सुकलेली फुलं रोज खुडते. बी धरलं की झाडाला वाटतं आपलं काम झालं. तुळशीच्या मंजिऱ्या माझी आजी का खुडायची ते मला इथे खिडकीतून ओणवी होऊन खुडताना कळलं.

एक पाहुणा या सगळ्यात दरवर्षी ठरलेला. मार्चमध्ये पेटी रिकामी असते तेव्हा चिमण्या येतात. तीच आपली घरचिमणी. १८५० च्या दशकात युरोपातून आणून ब्रुकलिनमध्ये सोडलेल्या चिमण्यांचा वंश. पट्ट्यांना पाय रोवून त्या अस्तरातला एकेक धागा ओढतात, न निघाला तर मागे रेलून झटका देतात. एका वसंतात उजवा कोपरा पार उघडा पडला. मी आईजवळ कुरकुर केली. ती म्हणाली, "नेऊ दे गं. तिला पण घर अस्तरायचंय." तेव्हापासून जुन्या काथ्याची एक मोळी मी मार्चमध्ये दाराच्या कडीला बांधून ठेवते. समोरच्या दिव्याच्या खोबणीत घरटं होतं, त्यातून तपकिरी टोकं बाहेर लोंबतात.

पलीकडच्या आजी गेल्या ऑक्टोबरात लेकीकडे राहायला गेल्या. निघायच्या दिवशी त्यांनी पेटी स्वतः रिकामी केली, माती माझ्या अंगणात ओतायला लावली. "लोखंड घराचं आहे, ते राहू दे," म्हणाल्या. हिवाळाभर ती जाळी तशीच, तिच्यात बर्फ साठायचं आणि पट्ट्यांमधून वितळायचं. फेब्रुवारीत तिथे एक कुटुंब आलं. आई-वडील दोघंही पाळीत काम करतात, सात वर्षांचा मुलगा आहे. एप्रिलमध्ये रांगेतल्या पेट्या भरायला लागल्या तेव्हा त्याच्या आईनं मला पायरीवर गाठून विचारलं, हे सगळ्यांनी करायचं असतं का. मी म्हटलं, करायचंच असं नाही. पण मी एक जास्तीचं अस्तर आणून ठेवलं होतं.

म्हणून टबात दोन. मुलगा सकाळपासून तीनदा येऊन बघून गेला. आता चौथ्यांदा आलाय. कोपरापर्यंत हात बुडवून त्यानं काथ्या दाबला, बुडबुडे वर आले. मग हात नाकाशी नेला आणि विचारलं, याला कसला वास येतोय. मीही वाकून हुंगला. खाडीकाठच्या चिखलाचा, पावसाळ्यातल्या वाडीचा वास. त्याला काय सांगावं ते सुचेना, म्हणून म्हटलं, समुद्राजवळच्या झाडाचा.

"झालं का भिजून?"

"अजून नाही," मी म्हटलं. "उद्या सकाळी."